वरच्या खुणेच्या निबा

८ फेब्रुवारी

टोफूच्या मऊ वडीत निबा टोचून आले. दरवर्षीप्रमाणे कारखान्यातले आम्ही चौदाही जण देवळात. शिंपिणी त्यांच्या मोडक्या सुया टोचत होत्या, आम्ही आमच्या वाकलेल्या निबा. आयुष्यभर कडक जागी राबल्या, आता मऊ जागी निजू देत, असं म्हणतात. मग हात जोडायचे आणि आपला हात सुधारू दे असं मागायचं.

मी मागितलं, वाकात्सुकीचा हात बिघडू दे.

असं मागतात का! पण मागितलं.

बाहेर येताना मुरोगा काकांनी विचारलं, एवढा वेळ काय मागत होतात बाई, या वयात लग्नबिग्न करताय की काय? मी म्हटलं, एक जुनं स्थळ आहे. ते इतके हसले की खोकला लागला. सत्तरी उलटली तरी कारखान्यात निबेला चीर पाडावी ती त्यांनीच.

१२ फेब्रुवारी

उत्तरेच्या खिडकीजवळची खुर्ची आता माझी. जुन्या तपासनीस बाई जानेवारीत निवृत्त झाल्या. मी नऊ वर्षं डब्या भरल्या, तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. आज मालक म्हणाले, ‘ओगिनो-सान, आजपासून तुमचं नख.’

नख म्हणजे डाव्या अंगठ्याचं. निब त्यावर टेकवायची आणि दाबायची. दोन्ही टोकं किती जोर लावल्यावर फाकतात ते नखाला कळतं. शंका असेल ती निब दाब मोजायच्या काट्यावर. काट्याला दोन खुणा. मधे बसली की पास. खालच्या खुणेजवळची मऊ, वरच्या खुणेजवळची कडक. दोन्ही चांगल्याच. हे मी शपथेवर सांगेन.

खुर्चीबरोबर खण आला. खणात सात कार्डं — ज्यांना ‘निवडक’ डबी जाते अशा सात गिऱ्हाइकांची. तिसरं कार्ड: वाकात्सुकी अक्षरवर्ग. चमचा निब, महिन्याला बारा डझन, निवडक.

एवढंच लिहिलंय. मऊ निवडायच्या की कडक, ते लिहिलेलं नाही. जुन्या बाई मऊ निवडायच्या, कारण त्यांना तसं वाटायचं. निवडक म्हणजे काय, ते ज्याचं नख त्यानं ठरवायचं.

मी कार्ड परत खणात ठेवलं. दुपारी परत काढलं.

१३ फेब्रुवारी

स्वतःला नीट सांगून टाकते, म्हणजे पुढे मला माझ्यापासून लपवता येणार नाही.

कॉलेज संपवून तेविसाव्या वर्षी वाकात्सुकीकडे अक्षर शिकायला गेले. त्याचं अक्षर खरंच सुंदर होतं, हे नाकारणार नाही. पाच वर्षांत त्याचं वळण माझ्या हातात आलं. मग टपालानं शिकणाऱ्यांच्या वह्या लाल शाईनं तपासायचं काम माझ्याकडे आलं. देशभरातून येत, आठवड्याला तीनशे. सगळ्यांना वाटे गुरुजी तपासतात. मग त्याचा कित्ता निघाला. अठ्ठेचाळीस पानं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मी लिहिली, सगळी टाकानं, एका हिवाळ्यात. तो कित्ता घराघरात गेला. लोक गिरवू लागले. आजही गिरवतात.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी विचारलं, शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, माझं नाव टाकता येईल का?

अठरा शिष्य बसले होते. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, ‘हात तुझा असेल. वळण माझं आहे. तुला मी टाक दिला, तसा खुंटीलाही देऊ शकलो असतो.’ कुणीतरी हसलं. मग गुरू म्हणून त्यानं मला दिलेलं लेखननाव परत मागितलं. त्या नावाचा कागद मी दुसऱ्या दिवशी घडी घालून नेऊन दिला, वाकून नमस्कार केला आणि निघाले. अकरा वर्षं. चौतिसाव्या वर्षी हातात काही नाही.

तेव्हापासून टाक धरलेला नाही. निबा तपासते, लिहीत नाही. ही रोजनिशीसुद्धा बॉलपेननं.

२७ फेब्रुवारी

त्याची डबी भरली. सगळ्या वरच्या खुणेजवळच्या. बारा डझन मिळवायला साडेतीन हजार निबा नखावर घ्याव्या लागल्या.

एकही नापास नाही. दोनदा तपासलं.

२८ फेब्रुवारी

रात्री झोप छान लागली. याची लाज वाटायला हवी होती.

१९ मार्च

त्याच्या अक्षरवर्गाचं मासिक आलं. दर महिन्याला त्यात त्याचं नमुन्याचं पान असतं. भिंगाखाली धरलं. काही फरक नाही. जुन्या निबा उरल्या असतील.

धीर धरायला हवा. पोलाद एका दिवसात पाणी घेत नाही.

२० एप्रिल

फरक आहे! उभ्या रेघेचं शेवटचं निमुळतं टोक — जिथे हात हलकेच उचलायचा — तिथे रेघ जाड राहिलीय. मऊ निब तिथे आपोआप मिटते. कडक निबेला मिटवायला जोर आणि धीर दोन्ही लागतात. धीर त्याच्याकडे कधी नव्हता.

पण एक गोष्ट खटकली. अक्षराच्या खालच्या टोकाला तो फास, म्हणजे रेघेचा गोल वळसा, अजून माझ्यासारखाच घेतो. डावीकडून, जरा उशिरा. हा त्याचा फास नव्हता. मी कित्त्यात तसा घेतला आणि तोच आता त्याचा म्हणून ओळखला जातो. त्यामुळे त्याला माझी नक्कल करणं भाग आहे! माझ्यानंतर माझ्यासारखं लिहिणारं त्याच्याकडे कुणी नव्हतं. स्वतःच बसून शिकला असणार. साठीनंतर, मला खुंटी म्हणणारा, माझा फास गिरवत बसला असणार.

हे लिहिताना हसू येतंय.

११ मे

मुरोगा काकांनी माझ्या वेगळ्या काढलेल्या ट्रेमधली एक निब उचलली, स्वतःच्या नखावर दाबली. ‘बाई, या निबा की छिन्न्या? हे कोणाच्या नशिबी?’

म्हटलं, निवडक गिऱ्हाइकाच्या.

म्हणाले, निवडक वैरी दिसतोय.

मी ट्रे जवळ ओढून पुढची निब घेतली. तेही त्यांच्या यंत्राकडे गेले. त्यांचं यंत्र पायानं दाबायचं आहे. एका दाबात एक चीर. पन्नास वर्षं झाली, उजवी पोटरी डाव्या पोटरीच्या दीडपट झालीय.

२ जून

मी खोटं काहीच करत नाही. प्रत्येक निब नियमात बसते. कार्डावर जे लिहिलंय तेच जातं. उद्या मालकांनी काट्यावर घालून पाहिली तर मला मान खाली घालावी लागणार नाही.

हे मी महिन्याभरात चौथ्यांदा लिहितेय. मागची पानं उलटून मोजलं. खरं असतं तर एकदा लिहून भागलं असतं ना?

२९ जुलै

ऐन उन्हाळ्यात ईल मासा खायचा दिवस. एकटीनं जाऊन मोठं ताट मागवलं. कारण असं: मासिकात कोबेच्या एका वाचकाचं पत्र. ‘गुरुजींचं अक्षर अलीकडे कठोर वाटतं. पूर्वी वाचताना कुणी कानाशी बोलतंय असं वाटायचं. वयाचा परिणाम असावा.’

वयाचा परिणाम!

कानाशी कोण बोलत होतं, ते त्या कोबेच्या माणसाला कधी कळणार नाही. पण तो आवाज गेला हे तरी त्याला कळलं. पत्र कापून वहीत ठेवलंय.

३० जुलै

काल आनंद झाला, म्हणजे नक्की कशाचा? त्याचं अक्षर बिघडलं याचा, की माझं अक्षर कुणाला तरी आठवतंय याचा? दुसरा असेल तर सूड कशाला हवा होता? कोबेला पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं.

नाही. पहिलाच. खुंटी म्हणाला होता.

५ सप्टेंबर

ऑगस्टचं पान पुन्हा सुधारलंय. रेघ निमुळती झालीय. हात त्या निबेशी जुळवून घेतोय. या वयात! मला वाटलं होतं तो वैतागेल, नवा टाक घेईल, शिष्यांवर ओरडेल. तो चिकाटीनं बसलाय. हे त्याच्या स्वभावात बसत नाही. म्हातारपणी माणूस बदलतो म्हणतात.

मला संताप आला. त्याला शहाणपण येऊ द्यायचं नाही मला.

९ सप्टेंबर

आज खोटं बोलले. तारीख लिहून ठेवते.

मुरोगा काकांकडे गेले. चीर जितकी आखूड, तितकी निब कडक. नियमात अर्ध्या मिलीमीटरची सूट आहे. विचारलं, बारा डझनांना सगळी सूट घेऊन चीर आखूड द्याल का?

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘कशाला?’

‘एक गिऱ्हाईक आहे. जोरकस रेघ हवी म्हणतंय.’

‘त्यानं स्वतः सांगितलं?’

‘हो.’

म्हणाले, ज्याला जोरकस रेघ हवी असते त्याचा अंगठा आधी जातो, एवढं त्याला कळवा. आणि दिली चीर. जेवणाची सुट्टी सोडून दिली. त्यांच्या हातची चीर इतकी सरळ की माझा सूडसुद्धा देखणा दिसत होता.

अंगठा आधी जातो. मला हेच हवं होतं ना? हो. हेच.

१८ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या अंकात नमुन्याचं पान नाही! फक्त दोन ओळी: गुरुजी पुढच्या वर्षीच्या नव्या कित्त्याच्या लेखनात व्यग्र आहेत.

दुपारी त्याच्या घरून फोन आला. मालकांनी घेतला. कुणी बाई होत्या, पोलाद बदललंय का असं विचारत होत्या. मालकांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळ्या निबा दोन खुणांच्या आत आहेत. त्यांनी तसंच सांगितलं.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, गिऱ्हाइकाचं समाधान झालेलं दिसत नाही. मी म्हटलं, हात म्हातारा झाला की निबेला बोल लावतात.

किती सहज बोलले मी.

६ नोव्हेंबर

लिहायला हवं. सगळं, क्रमानं.

सकाळी अकराला एक बाई आल्या. माझ्याएवढ्याच, चाळिशी ओलांडलेल्या. राखाडी कोट, हातात गोड पदार्थांचा डबा, वाकून तीनदा नमस्कार. नाव हामुरो. वाकात्सुकी गुरुजींकडून आल्या होत्या. मालक बँकेत गेले होते, म्हणून त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं.

पिशवीतून त्यांनी कापसात ठेवलेल्या वापरलेल्या निबा काढल्या. एकेक पुसून स्वच्छ, ओळीनं मांडलेल्या. तक्रार करायला आलेलं माणूस असं मांडत नाही. म्हणाल्या, ‘गुरुजी म्हणतात, हल्ली निब बोलत नाही. चूक आमचीच असेल. हात चुकत असेल. पण एकदा बघावं असं गुरुजी म्हणतात.’

गुरुजी म्हणतात. गुरुजी म्हणतात. हे वाक्य मी अकरा वर्षं फोनवर, दारात, छापखान्यात बोलले आहे. बोलताना आवाज थोडा खाली जातो, तोही तसाच गेला.

मी पहिली निब भिंगाखाली धरली.

वापरलेल्या निबेवरून लिहिणारा ओळखता येतो. टाक कसा धरला त्याप्रमाणे टोक झिजतं. वाकात्सुकी टाक आडवा धरतो, बाहेर झुकवून. त्याच्या निबेचं डावं टोक झिजतं आणि उजवं कोरं राहतं. मी त्याच्या निबा पाच वर्षं पुसल्या आहेत. हे मी झोपेतही सांगेन.

ही निब दोन्ही बाजूंनी सारखी झिजली होती. उजवीकडे केसभर जास्त.

दुसरी घेतली. तिसरी. बावीस निबा पाहिल्या. सगळ्या तशाच. टाक उभा धरणारा हात. माझ्या निबा अशा झिजायच्या.

मान वर करवेना. शेवटी विचारलं, ‘गुरुजींचा अंगठा दुखतो का?’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘मुळाशी. मनगटापर्यंत.’

आणि उजवा हात त्यांनी टेबलाखाली घेतला. पण मला पट्टी दिसली होती. अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत, आणि बोटं सुजलेली.

‘कधीपासून?’

‘मे महिन्यापासून थोडं थोडं. सप्टेंबरनंतर फार.’ मग घाईनं म्हणाल्या, ‘पण गुरुजी थांबत नाहीत. नव्या कित्त्याची अठ्ठेचाळीस पानं पंधरा डिसेंबरला छापखान्यात जायची आहेत.’

मी त्यांना चहा दिला. त्यांनी कप डाव्या हातानं उचलला.

जाताना त्यांनी माझ्या ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सगळ्या निबा माणसाच्या नखावर बघता म्हणजे किती काळजी घेता तुम्ही.’

७ नोव्हेंबर

कामाला गेले नाही.

८ नोव्हेंबर

मला माहीत असायला हवं होतं. जगात एका माणसाला माहीत असायला हवं होतं की त्या घरात अक्षर कुणाच्या हातून निघतं, आणि ते माणूस मी होते.

का सुचलं नाही? एप्रिलमध्ये फास दिसला होता. सप्टेंबरमध्ये चिकाटी दिसली होती. ‘स्वभावात बसत नाही’ असं मीच लिहिलंय, माझ्याच हातानं.

उत्तर शोधलं आणि ते घाण आहे. माझ्यासारखं लिहिणारं दुसरं कुणी असू शकेल हे मला मान्य नव्हतं. म्हणून तोच लिहीत असणार, असं मी धरून चालले. त्यानं मला खुंटी म्हटलं. मी तर पुढच्या खुंटीचा विचारही केला नाही.

९ नोव्हेंबर

मुरोगा काकांना सांगितलं. सगळं. त्यांनी यंत्र थांबवलं नाही, पाय चालूच. मग म्हणाले, ‘चीर माझी आहे ना?’

म्हटलं, हो.

‘मग मला वैरी कोण ते तरी सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, किंवा हो म्हटलं असतं. तुम्ही माझा पाय वापरलात, बाई.’

जेवणाच्या वेळी त्यांनी पाठ वळवून डबा खाल्ला.

१० नोव्हेंबर

हामुरो बाईंच्या खोलीवर गेले. पत्ता फोन करून घेतला होता. नदीच्या अलीकडे, धुलाईच्या दुकानावर. मऊ निबांची डबी घेऊन गेले, खालच्या खुणेजवळच्या. मूर्खपणा! ज्या हाताला टाक धरता येत नाही त्याला मऊ निब काय नि कडक काय.

आत टेबल, दौत, टीपकागद. अठ्ठेचाळिसांपैकी सहा पानं झालेली. सहाव्या पानाची शेवटची ओळ थरथरलेली. डॉक्टरांनी दोन महिने टाक बंद सांगितलाय, नाहीतर शस्त्रक्रिया. त्यांनी तेही वाकून सांगितलं, जणू माफी मागत होत्या.

मी गुडघ्यांवर बसून, कपाळ चटईला लावून सांगितलं. नाव सांगितलं. ओगिनो. तेरा वर्षांपूर्वीची. मग निबांचं सांगितलं — फेब्रुवारीपासून, वरची खूण, आखूड चीर, खोटं कुणाशी बोलले ते.

खालच्या धुलाईयंत्रांची घरघर चटईतून कपाळाला लागत होती.

त्या म्हणाल्या की त्या टपालानं शिकायच्या. दूर उत्तरेच्या आओमोरीहून, डबाबंद अन्नाच्या कारखान्यात काम करता करता. दर आठवड्याला वही पाठवायच्या आणि लाल शाईची वाट बघायच्या. पाच वर्षं त्या लाल शाईवर शिकल्या. ती गुरुजींची समजून त्या टोकियोला आल्या. इथे आल्यावर कळलं की ती बाई नुकतीच गेली. ‘तुमच्याच जागेवर बसवलं मला. टेबलाला तुमच्या कोपराचा खळगा होता.’

मी मान वर केली नाही.

‘तुमचा राग मला कळतो,’ त्या म्हणाल्या. ‘मलाही येतो. पण तुम्ही एकदा तरी विचार करायला हवा होता, कोण लिहितं ते. बाकी कुणी नाही केला तर चालतं. तुम्ही करायला हवा होता.’

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, उरलेली पानं मी लिहिते. त्या हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाल्या, जा तुम्ही आता.

गेले.

१६ नोव्हेंबर

हामुरो बाईंकडून टपालानं पाकीट आलं. आत आखलेले अठ्ठेचाळीस कोरे कागद आणि शब्दांची यादी. चिठ्ठी नाही.

सगळी अठ्ठेचाळीस! तिनं तिची सहाही टाकून दिली. मध्येच हात बदललेला दिसू नये म्हणून. चांगल्या लिहिणाऱ्याला हेच सुचलं असतं.

१७ नोव्हेंबर

तेरा वर्षांनी टाक धरला. निब शाईत बुडवली आणि पहिल्याच रेघेला डाग पाडला! निबेवरचं गंज न लागण्यासाठीचं तेल पुसायचं विसरले. शाळकरी पोरसुद्धा विसरत नाही. रोज हजार निबा हाताळणारी तपासनीस विसरली.

हसले. मग बराच वेळ हसू थांबेना, म्हणून उठून खिडकी उघडली.

२३ नोव्हेंबर

सुट्टी. चौदा तास लिहिलं. दोन पानं ठेवण्याजोगी.

राग गेलेला नाही. स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर हे लिहायलाच हवं. प्रत्येक पानावर त्याचं नाव येणार या विचारानं दात आवळले जातात. आणि राग आला की रेघ चांगली येते. हे मला अजिबात आवडत नाही.

हामुरो बाईंना सूज कमी आहे का विचारायला फोन केला. म्हणाल्या, कमी आहे. ठेवला.

२ डिसेंबर

मुरोगा काकांनी आज माझ्या टेबलावर एक कागदाची पुडी ठेवली. आत दोन डझन चमचा निबा. चीर पूर्ण लांब, नखावर दाबली तर लोण्यासारखी उघडते. म्हणाले, ‘माझ्या पायानं बिघडलेलं माझ्याच पायानं निस्तरतो.’ आणि गेले.

मालकांनाही सांगितलं. त्यांनी काटा उचलून डोळ्यांसमोर धरला. म्हणाले, नियमाप्रमाणे तुम्हाला काढता येत नाही. आणि नियमाप्रमाणे ठेवताही येत नाही असं वाटतंय. मार्चपर्यंत विचार करतो.

९ डिसेंबर

रात्री जागून चाळीस झाली; हात बसला तसा वेग आला. फास आता आपोआप येतो — डावीकडून, जरा उशिरा. हा माझा की तिचा, हे मला आता सांगता येत नाही. तिच्या सहा पानांची तिनं मागाहून पाठवलेली एक छायाप्रत समोर ठेवलीय आणि मी तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न करतेय.

१४ डिसेंबर

अठ्ठेचाळीस पानं घेऊन हामुरो बाईंबरोबर त्या घरी गेले. पानांवर गुरुजींच्या नावाचा शिक्का घ्यायला. त्यांच्याच्यानं गठ्ठा उचलवत नव्हता.

गुरुजी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, तळवा वर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. सहा वर्षं झाली, हामुरो बाई जिन्यात हळूच म्हणाल्या होत्या. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून. बाहेर कुणाला माहीत नाही.

त्यांनी मला ओळखलं नाही. पहिलं पान बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं शिक्का उचलला. दाबताना कागद सरकत होता.

मी कागद धरला.